फाइलींची देवघेव आणि पत्त्याचा पुरावा : साकीनाका–पवई परिसराच्या निमित्ताने

मुंबईच्या उपनगरांत ‘नाका’ हा शब्द आज चौकाच्या अर्थाने रूढ झाला आहे. त्याचा जुना अर्थ मात्र पहाऱ्याचा व जकातीचा. रस्त्याच्या तोंडाशी येणाऱ्याजाणाऱ्यास थांबवावे, मालाची झडती घ्यावी, वहीत नोंद करावी आणि मग पुढे सोडावे, असा तो व्यवहार. अंधेरी–कुर्ला रस्त्यावरून पवईकडे साकीविहार रस्ता जेथे फुटतो, त्या साकीनाक्याच्या नावात हा शब्द टिकून आहे. तेथे आता माणसाला थांबवते ती केवळ वाहनांची कोंडी. मुंबईची जकातही १ जुलै २०१७ रोजी, वस्तू व सेवा कर लागू झाला त्या दिवशी, संपुष्टात आली. परंतु रस्त्यावरचे नाके मावळत असतानाच या परिसरातील घरांतून, गाळ्यांतून व वसतिगृहांतून एका निराळ्याच मालाची ने-आण सुरू झाली होती. गाणी, चित्रपट, संगणकाच्या आज्ञावल्या, पाठ्यपुस्तके यांच्या फाइली एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाऊ लागल्या. या मालाला रस्ता लागत नाही, म्हणून त्याला नाकाही नाही, असा समज प्रारंभी सर्वत्र होता. तो कितपत खरा होता, नेणाऱ्याची नोंद कोठे होत होती आणि त्या नोंदीवरून माणसापर्यंत पोचता येत होते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या परिसराची निवड केवळ सोयीची नव्हे. साकीनाक्याच्या एका अंगास पवई. तेथे १९५८ साली भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. दुसऱ्या अंगास, अंधेरी पूर्वेत, १९७३ साली इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी ‘सीप्झ’ हे क्षेत्र उभे राहिले आणि संगणकाच्या आज्ञावल्या परदेशी पाठविण्याच्या उद्योगाचा एक आरंभ तेथेच झाला. साकीनाका या दोहोंमधला कष्टकरी भाग. लेथवरची कामे, साचे, पॅकिंग, भंगार, फरसाण. खाली गाळा आणि वर पोटमाळा, आणि त्या पोटमाळ्यावर गावाकडून आलेल्या चार-सहा कामगारांची वसती. एका पत्त्यावर नेमकी किती माणसे राहतात, हे येथे शिरगणतीच्या कारकुनालाही सहजासहजी सांगता येत नाही. पुढील विवेचनात ही गोष्ट पुन्हा उपयोगी पडेल.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांस खुले केले. १९९८ च्या अखेरीस खाजगी पुरवठादारांनाही परवाने मिळू लागले. उपनगरांत मात्र इंटरनेट घरोघर नेले ते मोठ्या कंपन्यांइतकेच केबलवाल्यांनी. उपग्रह वाहिन्यांसाठी नव्वदीच्या दशकात गच्चीवरून गच्चीवर ज्या तारा ओढल्या गेल्या होत्या, त्यांच्याच वाटेने २००० नंतर संगणकाची तार आली. इमारतीच्या जिन्याखाली पत्र्याची एक पेटी, तिच्यात तारा वाटून देणारे छोटे यंत्र, आणि तेथून प्रत्येक खोलीत एकेक निळी किंवा करडी तार, ही व्यवस्था त्या काळच्या मुंबईकरास पूर्ण परिचित आहे. तिचा अभ्यास अजून व्हावयाचा आहे. महानगराच्या दळणवळणाच्या इतिहासात ट्राम व लोकल यांच्यावर जेवढे लिहिले गेले, त्याचा शतांशही या गच्चीवरच्या तारांवर लिहिला गेलेला नाही.

या व्यवस्थेचा एक तांत्रिक विशेष असा. इंटरनेटवर बोलणाऱ्या प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता लागतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीच्या अशा पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी. जगाला ती पुरणारी नव्हती, आणि एप्रिल २०११ मध्ये आशिया-पॅसिफिक विभागाच्या वाट्याचा मुक्त साठा जवळजवळ संपला. त्यापूर्वीपासूनच लहान पुरवठादार काटकसर करीत आले होते. अनेक ग्राहकांना आतल्या बाजूने खाजगी क्रमांक द्यावयाचे आणि बाहेरच्या जगास त्या सर्वांचा मिळून एकच पत्ता दाखवावयाचा, अशी ती रीत. चाळीच्या दाराशी टांगलेल्या एकाच टपालपेटीसारखा हा प्रकार. पत्र पेटीपर्यंत बिनचूक येते. ते कोणत्या खोलीचे, हे चाळीतल्या माणसालाच ठाऊक. पुरवठादाराने कोणत्या क्षणी कोणत्या ग्राहकास कोणते दार दिले याची बारकाईने नोंद ठेवली, तरच बाहेरच्या पत्त्यावरून आतल्या ग्राहकापर्यंत जाता येते. घड्याळात काही मिनिटांचा फरक पडला, अथवा भारतीय वेळ व ग्रीनविचची वेळ यांतला साडेपाच तासांचा हिशेब चुकला, तर नोंद शेजाऱ्याच्या नावावर पडते.

आता फाइलींच्या देवघेवीकडे वळू. १९९९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या नॅप्स्टरने गाण्यांची अदलाबदल सोपी केली. परंतु कोणाकडे कोणते गाणे आहे याची यादी त्याच्या मध्यवर्ती यंत्रावर होती. न्यायालयाने त्या एका यंत्रावर बोट ठेवले आणि जुलै २००१ मध्ये सारा व्यवहार थांबला. त्याच महिन्यात ब्रॅम कोहेन यांनी बिटटॉरेंटची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात फाइल एका जागी नसते. तिचे लहान लहान तुकडे केलेले असतात, आणि ज्याच्या हाती एक तुकडा आला तो लगेच इतरांस तो देऊ लागतो. अशा घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या जमावास थवा म्हणतात. कोणाकडून तुकडे मिळतील, हे कळण्यासाठी थव्यातील प्रत्येकाचा आयपी पत्ता इतरांस सांगावाच लागतो. त्यावाचून पद्धत चालतच नाही. म्हणजे पत्ता उघडा पडणे हा या पद्धतीतला दोष नव्हे. तो तिचा पाया आहे. ज्यांनी ही पद्धत गुप्ततेसाठी निवडली, त्यांनी तिचे वर्म ध्यानात घेतले नव्हते असेच म्हणावे लागते. नॅप्स्टरचा एक डोळा फोडला गेला आणि त्याच्या जागी हजार डोळे आले.

पवईच्या वसतिगृहांत व देशातील अन्य तंत्रज्ञान संस्थांत याहून वेगळा एक प्रकार रुजला. डायरेक्ट कनेक्ट या पद्धतीवर आधारलेली डीसी प्लस प्लस नावाची आज्ञावली विद्यार्थ्यांनी आपलीशी केली. संस्थेच्या अंतर्गत जाळ्यावरच एखादा विद्यार्थी ‘हब’ चालवी. त्यात येणाऱ्याने स्वतःच्या संग्रहातील ठराविक मापाचा साठा इतरांस खुला करावा असा दंडक असे. टोपणनावे घेतली जात. अशा हबला इंटरनेटची गरज नसते, त्यामुळे बाहेरच्या कोणासही आत डोकावता येत नाही. मार्च २००७ मध्ये पवईच्या संस्थेने वसतिगृहांतील इंटरनेट रात्री ११ पासून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० पर्यंत बंद ठेवण्याचे ठरविले, तेव्हा विद्यार्थ्यांचे एकलकोंडेपण व बुडणारे तास ही कारणे पुढे आली होती. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट एवढीच की, बाहेरून अभेद्य असणारे हे जाळे आतून अगदी पारदर्शक होते. टोपणनावामागे यंत्राचा क्रमांक होता, आणि वसतिगृहात क्रमांकामागची खोली शोधणे फारसे अवघड नसते. गावच्या पारावर मुखवटा घालून बसण्यासारखे ते होते. गुप्तता होती ती परक्यांपासून, आपल्यांपासून नव्हे.

शिवाय पकडले जाणे हाच या जाळ्यांतला एकमेव धोका नव्हता. २००२ साली नेथन गुड व आरन क्रेकलबर्ग या संशोधकांनी काझा या तत्कालीन लोकप्रिय आज्ञावलीची तपासणी केली. आपण नेमके काय खुले केले आहे, हे बहुसंख्य वापरणाऱ्यांस उमगत नव्हते, आणि काहींनी तर स्वतःच्या टपालपेटीची संपूर्ण फाइलच नकळत जगासाठी उघडी ठेवली होती, असे त्यांना आढळले. ज्याने गाणे घेण्यासाठी दार उघडले त्याच्या घरातली पत्रे बाहेर गेली. या प्रकारच्या हानीची फिर्याद सहसा होत नाही, म्हणून ती दप्तरात सापडत नाही.

मुंबईला गुप्त प्रसारण आणि त्याचा शोध यांचा इतिहास नवा नाही. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता, बाबूभाई खाकर व त्यांचे सहकारी यांनी ऑगस्टपासून ४२.३४ मीटर लहरीवर काँग्रेस रेडिओ चालविला. प्रक्षेपकाचा माग काढणाऱ्या पोलिसांच्या गाड्या शहरात फिरत, म्हणून प्रक्षेपक एका घरातून दुसऱ्या घरात सतत हलविला जाई. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी तो पकडला गेला, तो मुख्यतः त्या गाड्यांमुळे नव्हे, तर एका तंत्रज्ञाने केलेल्या फितुरीमुळे. उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्या मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. या दोन प्रसारणांत हेतूचे साम्य अर्थातच नाही. परंतु तांत्रिकदृष्ट्या एक भेद बोधक आहे. रेडिओचा प्रक्षेपक एक होता, आणि तो शोधता येत होता; घरात दार लावून ऐकणारे हजारो श्रोते मात्र लहरींच्या योगे कोणासही सापडणारे नव्हते. बिटटॉरेंटच्या थव्यात निव्वळ श्रोता असा कोणी उरतच नाही. जो ऐकतो तोच त्याच क्षणी प्रक्षेपकही होतो, आणि म्हणून दिसतो. या व्यवहाराच्या कायद्यातील बहुतेक गुंता या एका गोष्टीतून निघाला आहे.

या दिसण्याचा उपयोग हक्कधारकांनी लवकरच सुरू केला. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने सप्टेंबर २००३ मध्ये एकदम २६१ व्यक्तींवर दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कची एक बारा वर्षांची मुलगी निघाली. २००५ साली तर मृत वृद्धेच्या नावाने दावा दाखल झाल्याचे उघडकीस आले. थव्यात शिरून पत्ते टिपून घेणाऱ्या संस्था निघाल्या. बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले की, लोकप्रिय फाइल उतरवू लागणाऱ्याचा पत्ता अशा पाळतीच्या यंत्रांकडे बहुधा तीन तासांच्या आत नोंदला जातो. म्हणजे पाळत होती, आणि कसून होती. मात्र तिच्यातून हाती काय येत होते? वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली एक गमतीचा वाटावा पण गंभीर असा प्रयोग प्रसिद्ध केला. थव्याची यादी ठेवणाऱ्या यंत्रास त्यांनी खोटे पत्ते कळविले. परिणामी विद्यापीठातील छपाईयंत्रांनी चित्रपटांची चोरी केल्याच्या रीतसर तक्रारी आल्या. छपाईयंत्र चित्रपट पाहत नाही, हे सांगावयास शास्त्रज्ञ नको. पण पाळत ठेवणारांनी पत्ता खरोखर फाइल देतो आहे काय, हे तपासण्याचीही तसदी घेतली नव्हती, हे या प्रयोगाने सिद्ध झाले.

छपाईयंत्राचे काही बिघडले नाही. माणसाच्या बाबतीत काय होते, याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. २००७ च्या ऑगस्टअखेर पुणे पोलिसांनी बंगळुरू येथील एका तरुण संगणक अभियंत्यास पहाटे घरातून ताब्यात घेतले. ऑर्कुट या त्या वेळच्या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर टाकल्याचा आरोप होता. मजकूर टाकणाऱ्याचा आयपी पत्ता मिळाला होता, आणि त्या पत्त्याचा ग्राहक म्हणून पुरवठादाराकडून या तरुणाचे नाव आले होते. ते नाव चुकीचे होते. खरे संशयित दुसरेच असल्याचे पोलिसांस पुढे आढळले. तरीही या तरुणास एकूण ५० दिवस येरवड्याच्या कारागृहात काढावे लागले. हे प्रकरण फाइलींच्या देवघेवीचे नव्हे, हे खरे. परंतु पुराव्याची साखळी तीच होती: संकेतस्थळाच्या नोंदीतील एक अंक, पुरवठादाराच्या वहीतील एक ओळ, आणि त्या ओळीवर विसंबून ठोठावलेले दार. या साखळीत एकाही दुव्याने त्या माणसाला स्वतः पाहिले नव्हते.

दुसरे उदाहरण साकीनाक्यापासून फार दूरचे नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट होण्यापूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना एक ईमेल आले. त्याचा आयपी पत्ता नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेचा निघाला. तेथे एक अमेरिकी कुटुंब राहत होते. दहशतवादविरोधी पथकाने कुटुंबप्रमुखाची चौकशी केली, त्याचे संगणक ताब्यात घेतले. पुढे स्पष्ट झाले की, त्याच्या घरातील बिनतारी जोडणीस कुलूप नव्हते. इमारतीच्या आसपास उभे राहून कोणासही ती वापरता येत होती, आणि ती तशी वापरलीही गेली होती. २३ ऑगस्टचे दुसरे ईमेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जोडणीवरून, आणि दिल्लीतील स्फोटांच्या दिवशीचे, १३ सप्टेंबरचे, चेंबूर येथील एका व्यवसायाच्या जोडणीवरून गेले. तिन्ही वेळी पत्ता अचूक होता, तिन्ही वेळी माणूस दुसराच होता. पुणे प्रकरणात नोंद चुकली होती. येथे नोंद बरोबर असूनही निष्कर्ष चुकत होता, आणि या दृष्टीने सानपाड्याचे प्रकरण अधिक महत्त्वाचे आहे. यानंतर शासनाने काढलेला अर्थ मात्र निराळा होता. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघड्या बिनतारी जोडण्या हुडकण्याची मोहीम जाहीर केली. २०११ च्या नियमांनी सायबर कॅफेच्या चालकांस ग्राहकाचे ओळखपत्र पाहणे व वर्षभर नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. पत्ता व माणूस यांत अंतर आहे, हे मान्य करण्याऐवजी ते अंतर नागरिकाने स्वतः बुजवावे, असा हा पवित्रा होता. सुरक्षेच्या निकडीत तो समजण्याजोगा असला, तरी त्यामुळे कुलूप न लावणारा हाच अर्धा अपराधी ठरू लागला.

भारतात गाणी वा चित्रपट उतरवून घेणाऱ्या सामान्य माणसांवर अमेरिकेप्रमाणे घाऊक दावे झाले नाहीत. येथील हक्कधारकांनी न्यायालयाकडून अज्ञात प्रतिवादींविरुद्ध आदेश मिळविण्याचा मार्ग धरला. इंग्लंड-अमेरिकेत अशा अनामिकास जॉन डो म्हणतात. भारतीय वकिलांनी त्याचे नाव ‘अशोक कुमार’ ठेवले. ज्या शहरात त्या नावाच्या नटाने अर्धे शतक पडदा गाजविला, तेथे चित्रपटांचा अनामिक चोर त्याच नावाने ओळखला जावा, हा योगायोग मजेचा खरा. मे २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अशा एका आदेशाचा आधार घेऊन पुरवठादारांनी कित्येक संकेतस्थळे समूळ बंद केली; जून महिन्यात मुंबईत आझाद मैदानावर मुखवटे घातलेल्या तरुणांनी त्याविरुद्ध निदर्शने केली, आणि पुढे न्यायालयाने आदेश विशिष्ट पानांपुरताच असल्याचा खुलासा केला. महाराष्ट्र शासनाने तर २००९ सालीच प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या १९८१ च्या कायद्यात, झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाले यांच्या पंक्तीला, ‘व्हिडिओ पायरेट’ बसविला होता. तो कायदा मनात योजीत होता रस्त्यावर तबकड्या विकणाऱ्यास. तबकडीच नाहीशी होऊ लागली आहे, हे त्याच्या ध्यानी नव्हते.

२०१६ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेली प्रकरणे या इतिहासात विशेष उल्लेखनीय आहेत. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी संकेतस्थळे सरसकट बंद करण्याच्या मागणीस आवर घातला आणि प्रत्येक पानाची पडताळणी मागितली. त्याच ऑगस्टमध्ये देशभरच्या वाचकांना बंद केलेल्या पानांवर एक धमकीवजा सूचना दिसू लागली. असे साहित्य नुसते पाहणे हादेखील अपराध असून त्यास तीन वर्षांचा कारावास व तीन लाख रुपये दंड आहे, असे तीत भासविले होते. ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या प्रकरणात न्यायमूर्तींनी ही सूचना बदलावयास लावली. लेखाधिकाराच्या १९५७ च्या कायद्याखाली निव्वळ पाहणे हा गुन्हा नव्हे. परवानगीवाचून वितरण करणे, सार्वजनिक प्रदर्शन करणे, विक्रीस वा भाड्याने देणे हा गुन्हा, असे त्यांनी स्पष्ट केले. वृत्तपत्रांनी याचे स्वागत ‘टॉरेंट पाहणे गुन्हा नाही’ अशा थाटात केले. ते वाचन उथळ होते. संकेतस्थळावर चित्रफीत पाहणाऱ्यास हा दिलासा खराच होता. परंतु थव्यात शिरलेला मनुष्य पाहतो आणि त्याच वेळी वाटतोही. रेडिओचा श्रोता व प्रक्षेपक यांच्यामध्ये कायदा जी रेघ ओढतो, ती या माणसाच्या मधूनच जाते. आपल्या यंत्रातून तुकडे बाहेर जात आहेत याची जाणीव पोटमाळ्यावर चित्रपट उतरवीत असणाऱ्या किती जणांना असेल, याचा विचार त्या कायद्यातील ‘जाणूनबुजून’ या शब्दाच्या संदर्भात व्हावयास हवा होता. तसा तो कोणी फारसा केलेला दिसत नाही.

विशेष असे की, ज्या मोठ्या प्रकरणांत खरोखर छडा लागला तेथे थव्यातील पत्त्यांनी नव्हे, तर मूळ प्रतीवरील खुणांनी व आतल्या माणसांच्या नोंदींनी वाट दाखविली. जून २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनापूर्वी दोन दिवस बाहेर पडला. त्या प्रतीवर ती परिनिरीक्षणासाठी असल्याचा शिक्का होता. प्रत कोणत्या टप्प्यावरून फुटली, हे त्यामुळे लगेच चर्चेत आले. आणि पोलिसांनी दिल्लीच्या एका तरुणास अटक केली ती एक संकेतस्थळ चालविल्याबद्दल, उतरवून घेतल्याबद्दल नव्हे. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेच्या सातव्या पर्वाचा चौथा भाग वेळेआधीच जगभर पसरला. प्रतीवर भारतीय वाहिनीची खूण होती. तो साठा सांभाळण्याचे काम अंधेरी पूर्वेत कार्यालय असलेल्या एका कंपनीकडे होते. खुद्द कंपनीनेच तक्रार दिली आणि महाराष्ट्र पोलिसांनी चौघांना, कंपनीच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांना, अटक केली. किल्ली कोणाकोणाच्या हाती होती, हे माहीत असल्यावर चोर शोधणे सोपे जाते. ती मालिका त्या आठवड्यात उतरवून घेणारे लक्षावधी लोक मात्र आपापल्या पुरवठादारांच्या वह्यांत अंकरूपाने पडून राहिले.

त्या वह्या आता अधिक काळ ठेवल्या जातात. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार खात्याने परवान्यांत बदल करून ग्राहकांच्या वापराच्या नोंदी एका वर्षाऐवजी दोन वर्षे जपण्याची अट घातली. पत्ता लपविण्यासाठी जे व्हीपीएन वापरतात, त्यांचा भरवसाही मर्यादितच आहे. व्हीपीएन थव्यापासून पत्ता लपविते. परंतु जो लपवितो त्याला तो दिसतोच. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेने व्हीपीएन पुरवठादारांस ग्राहकांची नावे, पत्ते व त्यांना दिलेले क्रमांक पाच वर्षे राखण्यास फर्मावले, तेव्हा कित्येक परदेशी कंपन्यांनी भारतातील आपली यंत्रे हलविली. ग्राहकाचा विश्वास आपल्या गल्लीतल्या केबलवाल्यावरून उठून कोठल्या तरी दूरदेशीच्या अपरिचितावर जाऊन बसला, एवढेच याचे फलित. २०२३ च्या चलच्चित्र सुधारणा कायद्याने चित्रपटाची बेकायदा नक्कल व प्रसारण यांस किमान तीन महिन्यांच्या कारावासाची तरतूद केली.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने ठरविले आहे. दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकावयाचे तर गृहसचिवाच्या पातळीवरची आज्ञा लागते. १९९६ च्या निकालापासून हा दंडक आहे. आयपी पत्त्यामागचे नाव विचारावयास मात्र पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे एक लेखी पत्र पुरते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली जाई. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम ९४ खाली जाते. न्यायाधीशाची परवानगी त्यास लागत नाही, आणि ज्याचे नाव विचारले गेले त्यास ते कळविण्याची तरतूदही नाही. संभाषण हे माणसाचे असते आणि क्रमांक हा तारेचा, असा भेद या व्यवस्थेमागे असावा. येरवड्यातील ५० दिवस या भेदाच्या नावे जमा आहेत.

खैरानी रस्त्यावरच्या एखाद्या गाळ्यात आज इंटरनेटची जोडणी असते ती गाळ्याच्या मालकाच्या नावे. राउटर भिंतीवर, आणि त्याचा परवलीचा शब्द खडूने त्याच्याच खाली लिहिलेला. पोटमाळ्यावरची माणसे हंगामागणिक बदलतात. शेजारच्या गाळ्यातला पोरगाही तोच शब्द वापरतो. पावसाळ्यात उतरविलेल्या चित्रपटाची चौकशी पुढच्या वर्षीच्या दिवाळीत आली, तर पुरवठादाराच्या वहीत तारीख, तास, मिनिट व क्रमांक शाबूत असतील. नाव मालकाचे असेल. जो कामगार त्या रात्री जागा होता, तो तोवर गावी परतलेला असेल.